घरच्या हातचं कापड

९ जून

रंगारी काकांना पुतणीचा नमस्कार.

पाकीट उलटसुलट करून बघू नका, मागे आश्रमाच्या पत्त्याशिवाय काही नाही. मी कोण ते मीच सांगते. तुमच्या वडिलांना एक धाकटा भाऊ होता. तो तरुणपणी ख्रिस्ती झाला, त्याला रंगखान्याबाहेर काढलं आणि मग तुमच्या घरात त्याचा विषय कुणी काढला नाही. त्या भावाची मी नात. म्हणजे माझे बाबा तुमचे सख्खे चुलतभाऊ आणि तुम्ही माझे काका. आपण कधी भेटलेलो नाही. मी शाळेत असताना एकदा बाबांचा हात धरून बाजारातून चालले होते, तर एका पाटीजवळ येताच बाबा रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले. पाटी तुमची होती. मुलांपासून एखादी गोष्ट अशी लपवली की ती जन्मभर लक्षात राहते, त्यामुळे तुमचा पत्ता शोधायला त्रास पडला नाही.

मी दातांची डॉक्टर. शहरात माझा दवाखाना होता, तो बंद करून मी इथे आश्रमात आले. आश्रम ख्रिस्ती आहे. प्रार्थनेच्या खोलीत बाकं नाहीत. चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर बसायचं आणि सकाळी बराच वेळ कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग थोडं उपनिषदातलं वाचतात, थोडं शुभवर्तमानातलं. समोर समई असते आणि क्रूस असतो. उरलेल्या वेळात मी आसपासच्या लोकांचे दात बघते आणि भाजीचे वाफे बघते. दातांचं बरं जमतं.

आता कामाचं. या वर्षाच्या शेवटी मी कायमचं व्रत घेणार आहे. तेव्हापासून भगवं वस्त्र घालायचं असतं आणि ते कापड घरच्या माणसाच्या हातून यावं लागतं, हा इथला नियम. आमचे आश्रमप्रमुख, त्यांना आम्ही थोरले म्हणतो, या बाबतीत फार कडक आहेत. त्यांचं म्हणणं, घरातून पळून आलेला माणूस आम्हाला नको, घरानं पाठवलेला हवा. घरचं कापड नाही तर व्रत नाही.

आई नाही. बाबांना विचारलं. ते चर्चच्या पंचांपैकी एक आहेत, हे तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. ते म्हणाले, जे सोडायला माझ्या वडिलांनी घरदार गमावलं तेच तू अंगावर घेणार असशील तर माझ्या हातून ते मिळणार नाही. त्यावर त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, म्हणजे विषय संपला. मग घरचं म्हणून कोण उरलं याचा विचार केला. उरलात तुम्ही, आणि योगायोग असा की तुम्ही रंगारी आहात.

द्याल का?

तुमची पुतणी


२१ जून

डॉक्टरीणबाईंना रंगाऱ्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र एकदा चष्म्याशिवाय वाचलं आणि एकदा चष्मा लावून वाचलं. दोन्ही वेळा त्यातून तेच निघालं. तिसऱ्यांदा तुझ्या काकूनं वाचलं आणि म्हणाली, मुलगी धीट आहे, तुमच्यावरच गेली आहे. जिला मी बघितलेलं नाही ती माझ्यावर कशी जाईल, हे विचारायची सोय नाही.

तू सरळ विचारलंस म्हणून मीही सरळ विचारतो. आमच्याकडे भगवं कोण घालतं? ज्यानं घर, नाव, गाव सगळं सोडलं तो. त्याला आम्ही वाकून नमस्कार करतो. तुमच्यासारखे लोक तेच घालून बसले की लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना? म्हणतात, हा वेष आहे. भोळ्या माणसांना वाटावं हे आपलेच, आणि मग हळूच त्यांना तिकडे ओढावं. मी म्हणतो असं नाही, लोक म्हणतात. पण मी त्यांना काय उत्तर देऊ ते सांग. कापड माझ्या रंगखान्यातून जाणार आहे.

आणि दुसरं. समई हवी, उपनिषद हवं, मांडी घालून बसायचं, भगवं घालायचं, तर मग सरळ हिंदू होऊन मोकळी का होत नाहीस? एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

उत्तर पटलं तर बघू. होकार समजू नकोस.

दातांचं म्हणशील तर माझे दात उत्तम आहेत. खालची उजवी दाढ तेवढी थंड पाण्यानं ठणकते म्हणून मी डाव्या बाजूनं जेवतो. याच्यावर सल्ला नको आहे, मी सहज लिहिलं.

काका


३ जुलै

काका, नमस्कार.

आधी दाढ. डाव्या बाजूनं जेवणं हा उपचार नव्हे. वर्षभर असंच चाललं तर डाव्या बाजूचे दातही तक्रार करतील आणि मग तुम्ही पेज पिऊन राहाल. इथे खुर्ची आहे, मी आहे, या.

आता वेषाचं. आमच्या फाटकावर केवढ्या तरी मोठ्या अक्षरांत 'ख्रिस्ती आश्रम' लिहिलं आहे आणि वर क्रूस आहे. तो बसच्या थांब्यावरूनही दिसतो. लोकांना फसवायचं असतं तर एवढी पाटी कोण लावेल? दात काढायला येणाऱ्यांपैकी एकालाही मी कधी तुझा देव कोणता असं विचारलेलं नाही. मी विचारते, कुठे दुखतं.

सरळ हिंदू का होत नाहीस, असं तुम्ही विचारता. गंमत अशी की बाबा विचारतात, आता परत हिंदू होणार का. प्रश्न तोच, फक्त एक जण पलीकडून विचारतो आणि दुसरा अलीकडून. तुम्ही दोघं एकदा भेटा, तुमचं चांगलं जमेल. मी दोघांनाही एकच उत्तर देते. येशू माझा आहे आणि मी त्याची आहे, त्यात बदल होणार नाही. लहानपणापासून मला देवाशी बोलायला शिकवलं आणि ते फार चांगलं शिकवलं. पण माझी प्रार्थना म्हणजे नुसती माझीच बडबड होती. मी थांबायचीच नाही. इथे आले, जमिनीवर बसले, श्वासाकडे बघायला शिकले, तेव्हा पहिल्यांदा गप्प झाले. आणि गप्प झाल्यावर ज्याच्याशी इतकी वर्षं बोलत होते तो मला आधीपेक्षा जवळचा वाटला. ही गप्प बसण्याची रीत तुमच्या बाजूकडून आली आहे. ती मी घेतली आणि कुणाकडून घेतली ते लपवत नाही. भगवं घालते ते त्यासाठीच. घेतलेलं उघड सांगावं ना?

एवढं पुरे का? नसेल पटलं तर आणखी विचारा, मला उत्तरं द्यायला आवडतात. कापडाबद्दल काही खास सूचना नाही. साधं सुती, भगवं. तुम्ही रंगारी, तुम्हाला मी काय सांगणार!

पुतणी


८ ऑगस्ट

चिरंजीव पुतणीस,

सोबत पार्सल आहे. उघड आणि बघ.

तुझं उत्तर पटलं असं मी म्हणणार नाही, नाहीतर तू डोक्यावर बसशील. पण तुझ्या काकूनं ते पत्र शेजारच्यांना वाचून दाखवलं आणि वर त्यांनाच दरडावून विचारलं, सांगा आता काय म्हणायचंय. तेव्हा उत्तराचं काम झालं.

या कापडाबद्दल मात्र दोन शब्द लिहितो, कारण असं काम मी पुष्कळ दिवसांत केलं नव्हतं. सूत बारीक आणि एकसारखं बघून घेतलं. रंगाचे नमुने किती काढले विचारू नकोस, आमचा कारागीर वैतागला. एक पिवळट येत होता, एक विटकरी. शेवटी हवा तो साधला, सकाळच्या उन्हात बघ म्हणजे कळेल. आणि रंग पक्का. उकळत्या पाण्यात घालून बघितला, साबणानं चोळला, आठवडाभर गच्चीवर उन्हात टाकला. ओल्या पांढऱ्या फडक्यानं रगडून रगडून घासला, फडक्यावर डाग नाही. तू म्हातारी होशील, कापड विरेल, पण रंग तसाच राहील. लिहून देतो.

थोरल्यांना म्हणावं, हे घरून आलं आहे.

काका


१९ ऑगस्ट

काका,

कापड इतकं सुंदर आहे की मी ते पांघरून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, दार लावून. मग थोरल्यांना दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, उजेडात धरलं, तुमच्या हाताचं मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, पण हे चालणार नाही.

चूक माझी आहे. मी नुसतं भगवं असं लिहिलं आणि बाकी तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालले. इथे कापड गेरूत बुडवतात. इथल्या टेकडीची लाल माती आणायची, कुटायची, गाळायची, पाण्यात कालवायची आणि जिचं कापड तिनं स्वतः बुडवायचं. तो रंग काही टिकत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोन-चार धुण्यांत फिका पडतो, पाऊस लागला तर ओघळतो, बसाल तिथे डाग पडतो. मग पुन्हा माती आणून पुन्हा बुडवायचं. असं शेवटपर्यंत. तुमचा रंग उतरतच नाही, हीच त्याची अडचण.

म्हणून परत पाठवते आहे. पाठवताना जीव तुटतो. तुम्ही रागवाल हे मला कळतं. तरी विचारते, दुसरं द्याल का, रंग न दिलेलं?

पुतणी


२७ ऑगस्ट

पार्सल मिळालं.

आमच्या रंगखान्यातून गेलेला माल रंगासाठी कधी परत आलेला नाही. माझ्या वडिलांच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही. रंग सुटतो म्हणून माल परत आला असता तर मी मान खाली घातली असती. रंग सुटत नाही म्हणून परत आला, हे मी कारागिरांना कोणत्या तोंडानं सांगू? पन्नास वेळा धुतलं तरी रंग जात नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात, आणि तुला डाग पाडणारा रंग हवा.

माझ्या हातचं चालत नसेल तर तसं लिही. मातीच्या गोष्टी सांगू नकोस.

आणि मी पक्का का दिला तेही ऐकून ठेव. तुझ्या आजोबांना आमच्या घरात काय म्हणायचे ते तुला कुणी सांगितलं नसेल. कच्चा म्हणायचे. रंगाऱ्याच्या घरात याच्यापेक्षा वाईट शिवी नाही. त्यांची नात जन्माचं व्रत घेणार म्हटल्यावर मला वाटलं, तिच्या अंगावर असं कापड पाहिजे की तिला कच्ची म्हणायची कुणाची छाती होऊ नये. म्हणून गच्चीवर आठवडाभर वाळत घातलं होतं. मला काही हौस नव्हती.

दुसरं कापड मागू नकोस. आमच्याकडून रंग न देता कापड जात नाही.

काका


२ सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र वाचून मी रडले. रागावून लिहिलेलं इतकं प्रेमाचं पत्र मला याआधी आलं नव्हतं. तुमच्या हातचं चालत नाही असं पुन्हा म्हणालात तर मात्र मी भांडेन. तुमच्या हातचं हवं म्हणूनच तर पहिलं पत्र लिहिलं.

कच्चा म्हणायचे हे मला ठाऊक नव्हतं, बाबांना असावं. पण आजोबा कच्चे नव्हते, काका. त्यांनी जे धरलं ते मरेपर्यंत धरलं आणि तुमच्या घराबद्दल वाईट शब्द कधी काढला नाही. मलाही कुणी कच्ची म्हणालं तर म्हणू द्या. मी एकदा व्रत घेतलं आणि आता काही चिंता नाही, असं मला नकोच आहे. सकाळी उठल्यावर कधी कधी वाटतं, दवाखाना बरा होता, स्वतःची खोली होती, हवं तेव्हा चहा करून घेता येत होता. तेव्हा मला पुन्हा ठरवावं लागतं. रोज ठरवते आणि रोज आनंदानं ठरवते. कापड फिकं पडलं की तेही पुन्हा माझ्याच हातांनी करायचं आहे, त्यात मला कसलाच कमीपणा वाटत नाही. उपासाच्या दिवसांच्या आरंभी आमच्याकडे कपाळाला राख लावतात, माणूस मातीचा आहे याची आठवण म्हणून. तुमच्या संन्याशाच्या अंगावरही मातीच. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

थोरल्यांना मी सांगून टाकलं आहे. दुसऱ्या कुणाकडे कापड मागणार नाही. बाबा देत नाहीत आणि तुम्ही देत नाही, तर या वर्षी व्रत नाही. पुढच्या वर्षी दोघांनाही पुन्हा विचारीन, त्याच्या पुढच्या वर्षीही. माझा निश्चय काही कुठे पळून जात नाही. तोपर्यंत तुमच्या दाढेची मात्र काळजी वाटते.

पुतणी


१४ ऑक्टोबर

चिरंजीव पुतणीस अनेक आशीर्वाद.

दीड महिना उत्तर दिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

परवा मी तुझ्या बापाकडे गेलो. ते परत आलेलं कापड पिशवीत घातलं, त्याला म्हणायचं होतं, तुझ्या मुलीनं माझा माल परत पाठवला, आता तूच बघ. जाताना वाटेत एवढंच ठरवलं होतं. दार उघडलं तर समोर माझ्या बापाचं कपाळ! जसंच्या तसं, डाव्या भुवईवरच्या आठीसकट. मी नाव सांगितलं. त्यानं आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसला. टेबलावर त्यानं नोकरीत असताना काढलेले जुने नकाशे, पेन्सिली ओळीनं लावलेल्या. दोघंही बराच वेळ खिडकीकडे बघत बसलो. तुझ्या आश्रमात शोभलं असतं.

शेवटी माझा हात खिडकीच्या पडद्याकडे गेला. सवय आहे, कुठेही कापड दिसलं की मी बोट जिभेला लावतो आणि कापडावर घासतो. घासलं, बोट निळं झालं. म्हटलं, कच्चा माल आहे, कुणी दिला? वळून बघतो तर हा माझ्या बोटाकडे टक लावून बघतोय. म्हणाला, बाबा असंच करायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी पडद्याला बोट लावायचे. आम्हाला लाज वाटायची.

मग तो बोलू लागला आणि थांबेना. तुझे आजोबा रंगखान्यातून गेल्यावर जन्मभर पांढरंच घालत होते, हे त्यानं सांगितलं. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे. पण पिळायच्या वेळी मुलाला हाक मारायचे. म्हणायचे, कापड एकट्यानं पिळलं की सूत एका बाजूला ओढतं, दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं. हा शाळेतून आला की दप्तर टाकून आधी दुसरं टोक धरायचा. हे आमच्या रंगखान्यातलं शिक्षण आहे, मुली. माझ्या बापानंही मला हेच शिकवलं. त्या दोघा भावांना एकाच माणसानं, त्यांच्या बापानं शिकवलेलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू मागितलं होतंस काय? रंग न दिलेलं कापड. मी त्याला म्हटलं,

"तू भगवं देऊ नकोस. मीही देत नाही. तू पांढरं दे."

तो म्हणाला, "आणि ती ते भगवं करणार."

"करेल. ते तिचं काम. तुझ्या बापानं पांढरं धरलं तेव्हा त्याला कुणी विचारलं होतं का? तूही तिला विचारू नकोस. तुझ्या हातून पांढरं गेलं, एवढंच तुझं."

त्यानं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. तू लिहिलं होतंस म्हणून मला वाटलं, संपलं. मी उठलो, चपला घातल्या. जिन्यात पोचलो तेव्हा मागून आवाज आला, कापड किती लागतं आणि कुठलं घ्यायचं. मी न वळता म्हटलं, उद्या रंगखान्यात ये, दाखवतो.

आला. रस्ता ओलांडून आला. सगळ्या हौदांशी थांबून बघितलं. बापाचा हौद कोणता हे विचारलं, मी दाखवला. कापड त्यानं निवडलं. आता त्याची कांजी काढायचं काम चाललं आहे. कोऱ्या कापडावर विणताना लावलेली कांजी असते. ती पूर्ण निघाली नाही तर तुझी माती सगळीकडे सारखी बसणार नाही. ते काम माझं, त्यात कुणी हात घालू नये. आमच्याकडून रंग न देता जाणारं हे पहिलं कापड. कारागिरांना सांगितलं, गिऱ्हाइकाची तशीच मागणी आहे.

व्रताच्या दिवशी आम्ही दोघं येतो. तो म्हणतो, जमिनीवर बसणार नाही, ते आपल्या उपासनेत बसत नाही. मला विचारशील तर त्याचे गुडघे दुखतात. खुर्ची ठेव.

पिशवीतलं भगवं त्याच्याकडेच विसरलो. असू दे.

काका


१७ डिसेंबर

काका, नमस्कार.

तुम्ही दोघं जाऊन आठवडा झाला. आधी दाढ कशी आहे ते कळवा. काकूंना सांगा, दोन्ही बाजूंनी जेवतात की नाही याकडे लक्ष ठेवा. खुर्चीत तुमच्या तोंडात कापूस असताना मी माझं सगळं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून घेतलं, याबद्दल क्षमा मागणार नाही. ख्रिस्त, उपनिषद, मौन, सगळं झालं आणि तुम्हाला एकदाही मध्ये बोलता आलं नाही. तुमच्या डोळ्यांवरून वाटत होतं की बरेच मुद्दे होते. ते आता लिहून पाठवा.

त्या सकाळचं तुम्ही बघितलं आहे, पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. बाबांनी कापड माझ्या हातात दिलं तेव्हा ते हळूच म्हणाले, हे पांढरं आहे. मी म्हटलं, हो बाबा. एवढंच बोललो. मग मी ते गेरूत बुडवलं, दाबलं, उलटं केलं, वर काढलं. पिळताना नेहमी दुसरं टोक थोरले धरतात, ते पुढे आलेही. मी मान खाली घालून माझं टोक गुंडाळत होते. दुसऱ्या टोकाला ओढ लागली तेव्हा वर बघितलं, तर बाबा. खुर्ची सोडून कधी उठले कळलं नाही. बाह्याही न सरकवता धरलं होतं. आणि त्यांना पिळता येतं, काका! माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी उजवीकडे वळवलं की ते डावीकडे, एक थेंबही वाया न घालवता. पांढऱ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या लाल झाल्या. मी म्हटलं, बाबा, डाग पडला. ते म्हणाले, पडू दे, तू नीट धर. माझं व्रत मला वाटतं तेव्हाच झालं. पुढचे शब्द मी नंतर म्हटले.

कापड आज पहिल्यांदा धुतलं. फिकं पडलं. तुम्ही दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळीकडे सारखं पडलं आहे, कुठे चट्टा दिसत नाही. थोरले म्हणाले, असं धुतलेलं कापड आश्रमात आजवर आलं नव्हतं.

तुमची पुतणी


११ जानेवारी

प्रिय दादा,

तुला काय म्हणावं याचा विचार करत होतो. तू वयानं मोठा आहेस, म्हणून दादाच लिहिलं.

तिथून आल्यावर पहिल्याच रविवारी चर्चमध्ये एकानं माझी नखं बघितली आणि विचारलं, हे काय. गेरू नखांतून लवकर जात नाही. मी म्हटलं, मुलीचं कापड पिळायला गेलो होतो. बाकीच्या पंचांनी एकमेकांकडे बघितलं. मग आमचे पाळक म्हणाले, पुढच्या वेळी जाल तेव्हा मलाही सांगा, तो आश्रम मला एकदा बघायचाच आहे. मी हो म्हटलं. तिनं जे केलं ते सगळं मला पटलं आहे असं नाही. पण ती आनंदात आहे आणि ती आपल्या येशूला सोडून कुठेही गेलेली नाही, हे मी डोळ्यांनी बघून आलो, आणि कुणी विचारलं तर तेच सांगतो.

कापड पुन्हा बुडवायचं आहे असं तिचं पत्र आलं. मी शनिवारी सकाळच्या बसनं जातो आहे. तू येत असशील तर थांब्यावर भेट. तिचं टोक तिचं असतं, दुसऱ्या टोकाला मी असतो, पण दम लागला की बदली माणूस बरा पडतो.

तू इथे विसरलेली पिशवी उघडली. निळा पडदा काढून टाकला आणि ते भगवं खिडकीला लावलं. टेबलावर दिवसभर त्याचा उजेड पडतो, नकाशे बरे दिसतात. येणारे-जाणारे विचारतात, पंचांच्या घरी हा रंग कसा. मी सांगतो, माझ्या भावाचं काम आहे. आणि बोट ओलं करून घासून दाखवतो. अजून तरी बोटाला काही लागलेलं नाही.

तुझा धाकटा भाऊ